अर्थसंकल्प, राज्याचा : अहमदनगर जिल्ह्यातील पाटबंधारे-खर्च

राज्य शासनाच्या एका आर्थिक वर्षातील (१ एप्रिल ते ३१ मार्च) अपेक्षित जमाखर्चाचे जे विवरण संविधानाच्या अनुच्छेद २०२ अन्वये विधिमंडळापुढे ठेवावे लागते, त्यास सामान्यतः अर्थसंकल्प म्हणतात. त्याची मांडणी महसुली व भांडवली अशा दोन भागांत होते. वेतन, व्याज, दुरुस्ती इ. चालू खर्च महसुली भागात, तर धरणे, रस्ते, इमारती यांसारख्या टिकाऊ मत्तेवरील खर्च भांडवली भागात पडतो. कर्ज काढून बांधलेल्या कामाने व्याज भरून काढले पाहिजे की नाही, हा भांडवली खर्चाच्या विश्लेषणातील सर्वांत जुना वाद होय. महाराष्ट्रात हा वाद अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील कालव्यांवरून जितका तपशिलाने लढला गेला, तितका क्वचितच अन्यत्र लढला गेला असेल.

ब्रिटिश अमदानीत पाटबंधाऱ्यांच्या कामांचे ‘उत्पादक’ व ‘संरक्षक’ असे दोन वर्ग केलेले होते. पूर्ण झाल्यापासून दहा वर्षांच्या आत ज्यांचे निव्वळ उत्पन्न गुंतविलेल्या भांडवलावरील व्याजाइतके होईल, ती कामे उत्पादक, बाकीची संरक्षक. उत्पादक कामांना कर्ज मिळे. संरक्षक कामांना मात्र चालू महसुलातून किंवा दुष्काळासाठी राखून ठेवलेल्या रकमेतून जे उरेल त्यावर भागवावे लागे. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर हिंदुस्थान सरकारने दरसाल दीड कोटी रुपयांचे दुष्काळ विमा अनुदान सुरू केले, तेच या कामांचे मुख्य आधारस्थान ठरले. पंजाबातील बारमाही नद्यांवरचे कालवे पहिल्या कसोटीस सहज उतरत. दख्खनमध्ये पाणी अडविण्यास उंच धरण लागे, जमीन उंचसखल असे आणि पाऊस बरा झाला, की ज्वारी-बाजरीचा शेतकरी पाटाचे पाणी घेईना. पाणीपट्टी अशी अनिश्चित असल्याने मुंबई इलाख्यातील बहुतेक कामे संरक्षक वर्गातच राहिली. १९०१–०३ च्या पाटबंधारे आयोगाने ही अडचण ओळखून, दुष्काळ-निवारणावरील जो खर्च टळतो तोही अशा कामांच्या बाजूने धरला पाहिजे, असे मत दिले. हिशेबाच्या वहीत टळलेल्या खर्चाला रकाना नसतो, ही त्यातील मेख होती.

या आयोगानंतर अकोले तालुक्यातील भंडारदरा येथे प्रवरा नदीवर धरणाचे काम हाती घेण्यात आले (१९१०) व ते १९२६ मध्ये पुरे झाले. तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास देण्यात आले. संगमनेर तालुक्यातील ओझर बंधाऱ्यापासून निघणारे प्रवरेचे दोन कालवे व नांदूर-मधमेश्वर येथून निघून कोपरगावकडे येणारे गोदावरीचे कालवे यांमुळे जिल्ह्याच्या उत्तर भागाचे रूप पालटले. ऊस आला, बेलापूर, साकरवाडी, टिळकनगर येथे साखर कारखाने निघाले. तथापि पाटबंधारे खात्याच्या पत्रकात कालव्यांच्या नावावर केवळ पाणीपट्टी जमा दिसे. कारखान्यांवरील कर, रेल्वेचे भाडे, मजुरी, पेठांची उलाढाल यांतील काहीही तेथे दिसत नसे.

नेमका हाच प्रश्न धनंजय रामचंद्र गाडगीळ यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे हाती घेतला. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची त्यांनी केलेली पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. बागायती व जिरायती भागांतील शेतीची तुलना करून, कालव्याचा लाभ शासनाच्या तिजोरीपुरता न मोजता संपूर्ण समाजाच्या उत्पन्नात मोजावा, ही भूमिका तीत आहे. सार्वजनिक खर्चाच्या लाभ-परिव्यय विश्लेषणाचा भारतातील हा एक आरंभीचा प्रयत्न होय. अप्रत्यक्ष लाभ मोजताना एकच लाभ दोनदा धरला जाण्याचा धोका असतो, हा अशा पद्धतीवरील आक्षेप निराधार नाही. परंतु पाणीपट्टीवरून कालव्याची किंमत ठरविणे हे त्याहून सदोष होते. पुढे गाडगीळ लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभारलेला हा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला.

प्रकल्पांच्या मान्यतेसाठी व्याजाच्या कसोटीऐवजी लाभ-परिव्यय गुणोत्तर वापरावे, ही शिफारस १९६४ मध्ये गाडगीळ यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने केली आणि १.५ हे किमान गुणोत्तर रूढ झाले. १९८३ मध्ये नितीन देसाई समितीने अंतर्गत परतावा-दराची कसोटी सुचविली : सर्वसाधारण प्रदेशात ९ टक्के, अवर्षणप्रवण प्रदेशात ७ टक्के. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष (१९६७–७१) असताना गाडगीळ यांच्या नावे रूढ झालेल्या सूत्रात (१९६९) राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय साहाय्याचा दहा टक्के भाग चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी होता; १९८० मध्ये तो वगळण्यात आला.

जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके मात्र या इतिहासात बराच काळ दुष्काळी कामांच्या लेखाशीर्षाखालीच येतात. १९७२ च्या दुष्काळानंतर हा खर्च आकस्मिक न राहता नियमित झाला. रोजगार हमी योजनेसाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला, त्याच्या उत्पन्नाइतकी रक्कम शासनाने घालावी असे ठरले आणि या योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. एका विशिष्ट कराचे उत्पन्न एका विशिष्ट हक्कासाठी बांधून ठेवणे ही राज्याच्या वित्तव्यवस्थेतील असाधारण गोष्ट होती.

भांडवली खर्चाची खरी परीक्षा अनेक अर्थसंकल्पांत विखुरलेल्या कामांत होते. विधानसभा दरवर्षी त्या वर्षापुरतेच अनुदान मंजूर करते. न खर्चलेली रक्कम ३१ मार्चला व्यपगत होते. अनेक कामांना थोडी थोडी तरतूद केली, की प्रत्येक काम रेंगाळते व त्याची किंमत वाढते. १९८६-८७ मध्ये महाराष्ट्राने शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत स्वीकारली. पण अर्धवट धरणाला ती फारशी लागू पडत नाही, कारण मागे झालेला खर्च शून्य करता येत नाही. भंडारदऱ्याच्या खाली प्रवरेवर निळवंडे येथे झालेले धरण याचे ठळक उदाहरण होय. त्याची कल्पना १९७० मधील. डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. प्रकल्पावरील एकूण खर्च सुमारे ५,१७७ कोटी रुपये सांगण्यात आला. त्याचे पाणी जिल्ह्यातील सहा व नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्यातील १८२ गावांसाठी आहे.