भास्करबुवांचा आवाज कोठें शोधावा?

जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर गाणें संपतां संपतां गायकानें स्वतःचें नांव पुकारलेलें आपण ऐकलें असेल. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजाननें आपलें नांव असेंच इंग्रजींत उच्चारिलें. हा गर्व नव्हे. मेणावर उमटलेलें गाणें तबकड्या काढण्यासाठीं जर्मनींत हॅनोव्हरला जाई. तेथील कारागिरांस एका गवयाचा आवाज दुसऱ्यापासून निराळा ओळखतां येईना, म्हणून ही सोय.

पुण्यांतील जाणत्या श्रोत्यास ती नको. १९१३ सालीं येथें आर्य संगीत विद्यालय काढणाऱ्या अब्दुल करीमखाँची झिंझोटींतील ठुमरी लावा. तो बारीक, स्वराच्या अगदीं मध्यास भिडणारा आवाज पलीकडच्या खोलींतूनही ओळखूं येतो. पण गवई ओळखणें निराळें आणि घराणें ओळखणें निराळें. तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. किराण्याची संथ बढत तींत मावणार कशी? शिवाय विजेच्या ध्वनिमुद्रणापूर्वी गवयास कर्ण्यांत तोंड घालून जोरानें गावें लागे. तो जोर कर्ण्याचा, घराण्याचा नव्हे. तबकडी ठरल्याहून अधिक वेगानें फिरली, तर पट्टीही चढते. कानास इतके चकवे आहेत.

आतां खरी अडचण सांगतों. ज्यांनीं १९११ सालीं पुण्यांत भारत गायन समाजाचा पाया घातला, त्या भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याची एकही तबकडी आज उपलब्ध नाहीं. १९२२ सालीं बुवा गेले व आवाजही गेला. ग्वाल्हेरचे फैज महंमदखाँ, आग्र्याचे नत्थनखाँ आणि जयपूरचे अल्लादियाखाँ अशा तिघांची विद्या त्यांनीं घेतली होती. ग्वाल्हेरची मोकळी तान, आग्र्याची बोलांशीं व लयीशीं झुंज, अल्लादियाखाँची वळणावळणाची फिरत, हें सारें एका गळ्यांत कसें नांदत असेल? पुस्तकांतील वर्णनें वाचून तें कानास कळत नाहीं.

मग शिष्यांकडे जावें. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव दोघेही बुवांचे. दोघांच्याही तबकड्या आहेत. बालगंधर्वांचा गोडवा त्यांचा स्वतःचा, कृष्णरावांचा खेळकरपणा त्यांचा. तो वजा करावा आणि उरलेलें साम्य पाहावें: मुखडा कोठून उचलला, समेवर कसे उतरले. हें साम्य रंगभूमीचें, बुवांचें नव्हे, असा आक्षेप येईल व तो रास्त आहे. म्हणूनच मी पंजाबचे दिलीपचंद्र वेदी यांचें गाणें जवळ ठेवितों. तेही बुवांचे शिष्य. पण मराठी रंगभूमीचे नव्हत. वेदी पुढें फैयाजखाँकडेही शिकले, हें मात्र विसरूं नये. जें तिघांत सांपडेल, तें बुवांचें असण्याचा संभव अधिक. माझ्या कानाला समेपूर्वीची ती लाडिक, क्षणभराची थांबणूक तशी वाटते; आपला कान निराळें सांगेल.

१९१६ च्या ‘स्वयंवरा’ला चाली बुवांनींच दिल्या. त्यांतील यमनाची बालगंधर्वांची तबकडी आधीं लावावी, मग कृष्णरावांची, शेवटीं वेदींचें गाणें. सुई नवी घ्यावी. या तबकड्या आतां फार झिजल्या आहेत.