महेश गवळी : गोल अडवून नाव कमावलेला गोव्याचा बचावपटू

गावच्या यात्रेत कबड्डीचा सामना रंगला की टाळ्या पडतात त्या चढाईवाल्याला. कोपऱ्यात दबा धरून पाय पकडणारा गडी मात्र विसरला जातो. फुटबॉलमध्येही तसंच आहे. गोल करणारा पेपरात झळकतो, गोल अडवणारा मागेच राहतो. तरीही नुसत्या बचावावर देशभर नाव कमावलेला खेळाडू म्हणजे गोव्याचा महेश गवळी.

सुरुवात कशी झाली?

गवळी यांचा जन्म १९८० चा. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत ते घडले. १९९९ मध्ये ते भारतीय संघातून खेळू लागले आणि पुढे दहा वर्षांहून जास्त काळ संघाच्या बचावफळीचा आधार राहिले. त्यांची जागा सेंटर बॅकची, म्हणजे थेट गोलकीपरच्या पुढची. या जागेवर एक चूक झाली तरी समोरच्याचा गोल ठरलेला.

गाजलेली कामगिरी

चर्चिल ब्रदर्सकडून खेळल्यानंतर ते कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये गेले. २००३ मध्ये या क्लबने जकार्तामध्ये थायलंडच्या बीईसी तेरो सासाना संघाला ३-१ असं हरवून आसियान क्लब स्पर्धा जिंकली. भारतीय क्लबचं परदेशातलं हे मोठं यश मानलं जातं. त्या संघात गवळी होते.

डिसेंबर २००५ मध्ये कराचीत सॅफ स्पर्धेची फायनल होती. समोर बांगलादेश. भारत २-० ने जिंकला आणि त्यातला पहिला गोल चक्क बचावपटू गवळी यांचा होता. दुसरा बायचुंग भुतिया यांचा.

पुढे ते गोव्याच्या डेम्पो क्लबमध्ये आले. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या या संघाने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ असं तीन वेळा आय-लीगचं विजेतेपद मिळवलं. त्या काळात पुणे एफसी हा संघही आय-लीगमध्ये होता, त्यामुळे डेम्पोचा संघ पुण्यात बालेवाडीला खेळायला यायचा.

निवृत्तीनंतर

बूट काढून ठेवले, पण मैदान सोडलं नाही. गवळी प्रशिक्षक झाले आणि भारतीय संघाचे सहायक प्रशिक्षक बनले. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना लाल कार्ड मिळालं आणि बाकावरची जबाबदारी गवळींवर आली. बंगळुरूत सेमीफायनलला लेबनॉन आणि ४ जुलैला फायनलला कुवेत, दोन्ही सामने भारताने पेनल्टी शूटआउटवर जिंकले. १८ वर्षांपूर्वी ज्या स्पर्धेच्या फायनलमध्ये गोल केला, तीच स्पर्धा त्यांनी बाकावरून जिंकून दिली.

आपल्या पोरांसाठी काय?

शिरूर-दौंडच्या शाळांच्या मैदानावर बॉल आला की सगळी पोरं पुढेच धावतात, मागे थांबायला कुणी तयार नसतं. पण संघात निवड होताना मागची जागाही भरावीच लागते. तिथे लागतं ते शांत डोकं, समोरच्याच्या पायावर नजर आणि साथीदाराला वेळेवर आवाज देण्याची सवय. कबड्डीत कोपरा सांभाळणाऱ्या पोराकडे यातलं बरंच काही आधीच असतं. गवळी यांची कारकीर्द सांगते की मागे उभं राहूनही माणूस पुढे जातो.