आधी क्षय, मग क्रोन्स

त्र्यंबकेश्वरसारख्या तालुक्याच्या गावात ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की जुन्या माणसांना आधी कुटुंबनियोजनाची शिबिरं आठवतात. पित्ताशयातले खडे नंतरचे. आणि क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकाळ सुजेच्या आजाराने चिकटलेलं, अरुंद झालेलं आतडं दुर्बिणीतून सोडवणं हे तर तीसेक किलोमीटरवरच्या नाशिकचं, नाहीतर थेट मुंबईचं काम. म्हणून हे तंत्र म्हणजे बड्या खासगी इस्पितळांनी परदेशातून आणलेली चैन, असा समज सहज होतो. इतिहास मात्र वेगळं सांगतो. महाराष्ट्रात सर्जनच्या हाती पोटाची दुर्बीण स्थिरावली ती सरकारी रुग्णालयात, गरिबाच्या आजारापायी. आणि क्रोन्सच्या शस्त्रक्रियेतलं सर्वांत मोठं पथ्य, आतडं शक्य तितकं राखण्याचं, तेही बऱ्याच अंशी आतड्याच्या टीबीनेच शिकवलं.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी 1972 मध्ये निदानासाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली. तेव्हा सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन हाताशी नव्हते. पोटात पाणी झालेला, खंगलेला रुग्ण समोर आला की क्षय, कर्करोग की यकृताचं दुखणं हे ठरवायला अनेकदा पोट उघडूनच पाहावं लागे. एका छोट्या छिद्रातून पोटाच्या आवरणावरचे क्षयाचे पांढुरके दाणे दिसत, तपासणीला तुकडाही घेता येई. त्याच जे. जे.मध्ये 31 मे 1990 रोजी उडवाडियांनी देशातली पहिली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. आता कुणी म्हणेल, उपकरण तर बाहेरचंच! स्टॉकहोममध्ये याकोबेयस यांनी 1910 मध्येच माणसाच्या पोटात असं डोकावून पाहिलं होतं, आणि पित्ताशय दुर्बिणीतून काढण्याचा मान 1985 मध्ये जर्मनीच्या एरिक म्यूहे यांनी मिळवला. हे खरंच आहे. पण दुर्बीण कुणी घडवली यावरून ती इथे कशासाठी रुजली हे ठरत नाही, आणि जे. जे.मधली अठरा वर्षं पित्ताशयाआधीची आहेत.

क्षय आणि क्रोन्स या दोघांचाही आवडता मुक्काम लहान आतड्याच्या शेवटी, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी. 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी क्रोन्सचं वर्णन केलं, तेव्हा हा क्षय नव्हे हे त्यांना आधी दाखवावं लागलं. सुरुवातीचे सर्जन रोगट भाग ऐसपैस कापून काढत, तरी आजार जोडापाशी पुन्हा उगवे. दोन-तीनदा कापल्यावर अन्न पचवायला आतडंच उरेना. क्षयात औषधं आल्यावर प्रश्न बदलला: जंतू मरत, पण वणामुळे आतडं जागोजागी आवळलेलं राही. चंडीगढच्या कटारिया आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये अशा जागा कापून न टाकता उभ्या चिरून आडव्या शिवण्याचा अनुभव मांडला. ऑक्सफर्डच्या इमॅन्युएल ली यांनी 1982 मध्ये तोच मार्ग क्रोन्ससाठी दाखवला. जठराच्या तोंडावर हाइनेके आणि मिकुलिच यांनी एकोणिसाव्या शतकातच ही युक्ती केली होती, हा आक्षेप रास्त आहे. पण सुजलेल्या, रोगट आतड्यात टाके धरतील का, ही भीती मोडायला क्षयाचे रुग्ण लागले.

गुंतागुंतीच्या क्रोन्समध्ये दुर्बीण सोपी नाही. आतड्याला धरून ठेवणारा जाड झालेला पडदा हात लावताच रक्तस्राव करतो, कुठे आतड्यातून मूत्राशयात भलतीच वाट पडलेली असते, कुठे पू साचलेला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच-ब्रिटिश चाचणीत 143 रुग्ण होते. वर्षाअखेरीस शस्त्रक्रिया आणि क्रोन्सवरचं औषध इन्फ्लिक्सिमॅब यांत जीवनमान सारखंच आढळलं. पण आतडं आवळलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते, म्हणून तो आधार जसाच्या तसा इथे लावणं मला पटत नाही. पू आधी सुईने काढावा, रुग्णाचं पोषण सुधारावं, मग दुर्बीण घालावी. मध्येच पोट उघडावं लागलं तर तो पराभव मानू नये. तरीही तरुण रुग्णाला पुढे पुन्हा टेबलावर यावं लागण्याची शक्यता असते, आणि लहान छिद्रांनी चिकटणी कमी होते, हा फायदा मोठा आहे. औषधांनीही जुनं नातं तोडलेलं नाही: इन्फ्लिक्सिमॅब दबलेला क्षय जागा करू शकतं, म्हणून ते सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि क्षयाच्या चाचण्या करतात, शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यातही क्षयाच्या गाठी शोधाव्याच लागतात.