चोवीस इंची

आमगावच्या घरी आजोबांची ॲटलस अजून उभी आहे. गेल्या शनिवारी दाते मोजले: पुढे ४४, मागे १८. चाक २८ इंची, म्हणजे पायडलच्या एका फेरीत जवळपास साडेपाच मीटर! सपाट धानपट्ट्यात ठीक हो, पण कॅरिअरवर तांदळाचं पोतं असलं की गुडघ्यांना विचारा. टूर द फ्रान्समध्ये डिरेलर गिअरला १९३७ साली परवानगी मिळाली. सोनीपतची ॲटलस १९५१ची, तरी आजोबांना गिअर एकच. स्वस्त, दुरुस्तीला सोपं... पटतं.

पण फ्रेम? बाजारात २२ इंची मिळायची, लेडीजही. घरात सायकल एकच, माप आजोबांचं: २४. आई लहानपणी कैची मारायची. मोठी झाल्यावर दांडा आडवा आला, हायस्कूल लांब. सातवीतच शाळा सुटली.

परवा पुण्यात स्टेम ९० मिलीमीटरचा की १००चा, यावर मी दुकानदाराशी तासभर हुज्जत घातली. आईला फोनवर सांगितलं. म्हणाली, "माझी उंची कोणी मोजली नाही रे."