काचेच्या पेल्यांवरचा पांढरा थर

२०१० सालच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक घरांतून एक चमत्कारिक तक्रार ऐकू येऊ लागली. भांडी धुण्याच्या यंत्रातून भांडी स्वच्छ निघेनाशी झाली होती. काचेचे पेले धुरकट, ताटलीवर बोट फिरवले तर खडूसारखी भुकटी, चमच्यांवर आदल्या जेवणाच्या खुणा. कुणी दुरुस्ती करणाऱ्याला बोलावले, तर कुणी वैतागून नवे यंत्रच आणले. नव्या यंत्रातूनही पेले तसेच बाहेर आले. यंत्रात बिघाड नव्हताच. बदलली होती ती खोक्यातली पावडर. त्या वर्षीच्या जुलैपासून १६ राज्यांनी या पावडरीतील फॉस्फरसवर ०.५ टक्क्याची मर्यादा घातली होती. त्याआधी हे प्रमाण ८.७ टक्क्यांपर्यंत असू शके.

एका मूलद्रव्याचे प्रमाण कमी झाल्याने ताटल्या अस्वच्छ का राहाव्यात? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

भांडी धुण्याचे पहिले उपयोगी यंत्र इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल गावी जोसेफीन कॉक्रेन या बाईंनी बनवले. नोकरांच्या हातून घरातली उंची चिनी मातीची भांडी फुटत, म्हणून त्यांनी हा विचार सुरू केला, अशी हकीकत सांगतात. १८८३ मध्ये पती वारले, मागे कर्ज राहिले, आणि छंद पोटापाण्याचा प्रश्न झाला. जॉर्ज बटर्स नावाच्या कारागिराच्या मदतीने घरामागच्या शेडमध्ये त्यांनी यंत्र उभे केले आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याचे पेटंट मिळवले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात या यंत्राला बक्षीस मिळाले. गिऱ्हाईक मात्र हॉटेलांचे. बहुतेक घरांत पुरेसे गरम पाणी नव्हते, त्यामुळे घराघरांत हे यंत्र पोचायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

या यंत्रातली खरी कल्पना लक्षात घेण्यासारखी आहे. भांडी तारांच्या कप्प्यांत स्थिर बसवायची आणि साबणाचे गरम पाणी जोराने त्यांच्यावर मारायचे. घासणे नाही. आपल्याकडे राख आणि नारळाची शेंडी घेऊन भांडी घासत, तेव्हा राखेतला क्षार चिकटपणा सोडवी आणि उरलेले काम हाताचा जोर करी. यंत्राने हात काढून घेतला, म्हणजे त्याचे काम पाण्याची धार, उष्णता आणि रसायन यांनी वाटून घ्यायचे. भरीला आणखी एक अट: फेस चालत नाही. पंपात फेस भरला की धारेचा जोर जातो. म्हणून फेसाळणारे नेहमीचे अपमार्जक येथे बाद.

आता पाण्याकडे वळू. दुष्फेन पाण्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे क्षार असतात व त्यांच्याशी साबणाचा न विरघळणारा साका होतो, हे आपण वर्गात शिकवतोच. धुण्याचा सोडा घातला तर कॅल्शिअम कार्बोनेटच्या रूपात कॅल्शिअम खाली बसते आणि पाणी सुफेन होते, हेही शिकवतो. पण ते ‘खाली’ म्हणजे कुठे बसते? परीक्षानळीत तळाशी. यंत्रात गरम पेल्यावर. म्हणजे दुष्फेनपणा घालवण्याचा पाठ्यपुस्तकातला उपायच येथे पेल्यावर पांढरा थर देतो.

यातून सुटका केली ती फॉस्फेटांनी. १९३० च्या दशकात अमेरिकेत बॉयलरच्या पाण्यासाठी साखळीच्या रचनेची फॉस्फेटे वापरात आली. त्यांचा गुण असा, की ती कॅल्शिअमचा साका पाडत नाहीत, तर त्याला पकडून द्रावणातच धरून ठेवतात. पुढे सोडिअम ट्रायपॉलिफॉस्फेट हे पावडरींचा कणा झाले. ते कॅल्शिअम धरून ठेवी, पाणी अल्कधर्मी राखी आणि सुटलेले अन्नाचे कण पुन्हा भांड्यावर बसू देत नसे. एकच पदार्थ, कामे तीन. या संयुगात वजनाने सुमारे २५ टक्के फॉस्फरस असतो, म्हणजे पावडरीत ८.७ टक्के फॉस्फरस असेल तर खोक्याचा तिसऱ्या भागाहून थोडा अधिक हिस्सा हेच संयुग झाले. विद्यार्थ्यांना हा हिशेब Na₅P₃O₁₀ या सूत्रावरून करायला द्यावा.

मग ते काढले कशासाठी? सांडपाण्याबरोबर फॉस्फेट नद्यांतून सरोवरांत जाई. १९६० च्या दशकात ईरी सरोवरात शैवालाचे तवंग माजू लागले. शैवाल मरून कुजे, त्यात तळाचा ऑक्सिजन संपे. वर्तमानपत्रे ईरीला ‘मृत सरोवर’ म्हणू लागली. दोष कोणाचा यावर मोठा वाद झाला. शैवालाच्या वाढीला मर्यादा घालणारे मूलद्रव्य कार्बन आहे, फॉस्फरस नव्हे, असे मत त्या काळी हिरिरीने मांडले जाई आणि अपमार्जकांच्या कारखानदारांना ते सोयीचे होते.

हा वाद मिटवणारा प्रयोग मला विज्ञानाच्या इतिहासातला एक देखणा प्रयोग वाटतो. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली लहान सरोवरे आहेत. त्यांपैकी २२६ क्रमांकाचे सरोवर मध्यभागी चिंचोळे आहे. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे पडदा लावून सरोवराचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्यात तेच आणि शिवाय फॉस्फरस. दुसरा भाग हिरवागार झाला, पहिला तसाच राहिला. विमानातून घेतलेल्या त्या छायाचित्रापुढे युक्तिवाद फारसे टिकले नाहीत.

कपड्यांच्या पावडरींतून फॉस्फेट पुढच्या दोन दशकांत गेले. भांड्यांच्या पावडरींना मात्र सवलत मिळाली, कारण तोडीचा पर्याय नव्हता. ही सवलत प्रथम ठळकपणे संपली ती वॉशिंग्टन राज्याच्या स्पोकेन परगण्यात, २००८ मध्ये. तेथील काही लोक सीमा ओलांडून आयडाहोत जात आणि जुनी पावडर घेऊन येत. त्यांना हसण्याचे कारण नाही. नदी कुणाला नको असते असे नव्हे, पण धुरकट पेला रोज हातात येतो, नदी येत नाही. २०१० नंतरच्या पहिल्या पावडरी खरोखरच कमी प्रतीच्या होत्या असे माझे मत आहे. नंतर सायट्रेट, प्रथिने व पिष्ट तोडणारी विकरे आणि कॅल्शिअमचे स्फटिक जमू न देणारी बहुवारिके यांची मिश्रणे सुधारत गेली. युरोपात २०१७ पासून एका वेळच्या मात्रेत ०.३ ग्रॅम फॉस्फरसची मर्यादा आहे. तेथील यंत्रांत पाणी सुफेन करण्याची सोय बहुधा आतच असते, म्हणून तेथे फारशी ओरड झाली नाही.

ईरीचा प्रश्न मात्र संपला नाही. १९८० च्या दशकापर्यंत सरोवर सुधारले, नंतर शेतातल्या खतांच्या फॉस्फरसमुळे शैवाल परतले. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहराच्या पाण्यात नीलहरित शैवालाचे विष आढळले आणि सुमारे ५ लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. भांड्यांच्या पावडरीचा वाटा या सगळ्यात लहानच. तरीही जो वाटा पावडरीचे मिश्रण बदलून थांबवता येतो तो थांबवावा, हे मला पटते.

हे सारे आठवायला कारण पुण्यात राहणारी माझी ताई. तिने २०२० च्या टाळेबंदीनंतर हे यंत्र घेतले. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, “पेले पांढरे पडतात रे. यंत्र परत देऊ का?”

“मीठ घालतेस का?” मी विचारले.

“कशात?”

तिच्या सोसायटीला बोअरचे आणि टँकरचे पाणी येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुष्फेनपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. तिच्या बोअरचे पाणी ४०० च्या पुढे भरले. यंत्राच्या तळाशी राळेच्या मण्यांचा कप्पा असतो. मणी कॅल्शिअम घेतात, सोडिअम सोडतात, आणि थकले की मिठाच्या पाण्याने ताजे होतात. तिचा मिठाचा कप्पा पहिल्या दिवसानंतर भरलाच नव्हता. थर दिसतो म्हणून ती पावडर मात्र दुप्पट घालत होती.

सहा पेले व्हिनेगारमध्ये बुडवायला सांगितले. कार्बोनेटचा थर आम्लात विरघळतो. काचच क्षाराने खाल्ली गेली असेल तर काही फरक पडत नाही. चार पेले लख्ख झाले. दोन धुरकटच राहिले. त्यांत तिने आता पेन्सिली ठेवल्या आहेत.