बाजार पुन्हा उभा राहतो तेव्हा

14 एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी असते. त्यामुळे आमच्या उपनगरातल्या उर्दू शाळेत त्या तारखेची दुसरी आठवण निघतच नाही. एकदा आदल्या दिवशी मी मुलांना विचारले, "अग्निशमन सप्ताह उद्यापासूनच का सुरू होतो?" वर्ग गप्प.

14 एप्रिल 1944. दुसरे महायुद्ध चालू होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर सुमारे 1400 टन स्फोटके होती. त्यांच्यासोबत कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठी. कापसाने पेट घेतला आणि दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. आग विझवणारे 66 जवान कामी आले. सुमारे 80,000 लोक बेघर झाले. गोदीलगतच्या मांडवी, मस्जिद बंदर भागातल्या वखारी आणि दुकाने जळाली.

गोदी साधारण सात महिन्यांत पुन्हा चालू झाली. भरपाईसाठी सरकारने त्याच वर्षी वटहुकूम काढला. पण वहीत नोंदलेल्या मालाचा हिशेब मांडता येतो. रोजावर पोती उचलणाऱ्या हमालाची बुडालेली रोजी कोणत्या वहीत शोधायची?

युद्धानंतर घरांची आणि गाळ्यांची टंचाई होती. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे 1940 च्या पातळीवर बांधून ठेवले. छोटा दुकानदार तगला. मात्र तुटपुंज्या भाड्यात मालकाने डागडुजी सोडली. जुन्या मोहल्ल्यांतल्या इमारती अशाच खचत गेल्या.

मस्जिद बंदरहून पायी जाता येईल अशा भेंडीबाजारात हेच झाले. तिथे आग लागली नव्हती, तरी बाजार नव्याने बांधण्याची वेळ आली. 2009 मध्ये सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकर, सुमारे 3200 कुटुंबे, 1250 दुकाने, असा त्याचा पसारा.

आज अंधेरी-घाटकोपरलाही जुनी दुकाने पाडून टॉवर उठत आहेत. पागडीवाल्याजवळ निदान भाडेपावती असते. पण त्याच्या पायरीशी बसणारा अत्तरवाला, घड्याळ दुरुस्त करणारा? फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे. पण नोंद आणि परवाना हाती नसेल तर तो सिद्ध काय करणार?

म्हणून मी मुलांना सांगते, इतिहास गोदीतच संपत नाही. घरी जा, अब्बांच्या दुकानाची पावती, परवाना कुठे ठेवलाय ते विचारा. बाजार विटांनी पुन्हा उभा राहतो. त्यात आपला माणूस परत येतो की नाही, हे त्या कागदावर ठरते.