अबिंदुकतेचा शोध

चष्म्याच्या चिठ्ठीवर नेहमीच्या आकड्याशेजारी ‘सिलिंडर’ आणि ‘अक्ष’ असे आणखी दोन आकडे पुष्कळांना आढळतात. ते ज्या दोषाचे निदर्शक, त्याला शास्त्रीय मराठीत अबिंदुकता म्हणतात. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे स्वच्छमंडल, चेंडूप्रमाणे सर्व दिशांनी सारखा वळलेला असावयास हवा. तो पळीच्या पाठीसारखा एका दिशेने अधिक वळलेला असला, की एका बिंदूपासून निघालेले किरण पुन्हा एका बिंदूत मिळत नाहीत. क्वचित हा दोष आतल्या भिंगातही असतो.

टॉमस यंग यांचे असेच होते. १८०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या आणि १८०१ मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी स्वतःच्या डोळ्याची ही विषमता नोंदविली. डोळा पाण्यात बुडविल्यावर स्वच्छमंडलाचे कार्य जवळजवळ लोपते. तरीही दोष कायम राहिला. तेव्हा तो आतल्या भिंगाचा, असा त्यांनी निर्णय केला. प्रयोग मोठा सुरेख. परंतु त्या दोषाचा जाच यंग यांना होत नसल्यामुळे उपायाची निकड त्यांना भासली नाही.

निबंध छापला गेला त्याच वर्षी जॉर्ज एअरी जन्मले. (हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबा ढळतो, या भारतीय भूमापनातून उद्भवलेल्या प्रश्नावर १८५५ मध्ये लिहिणारे एअरी ते हेच.) वाचताना आपला डावा डोळा काहीच काम करीत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. काळ्या कार्डाच्या बारीक छिद्रातील प्रकाशबिंदू त्यांना एका अंतरावर रेघेसारखा दिसे, तर दुसऱ्या अंतरावर तिच्याशी काटकोन करणाऱ्या रेघेसारखा. ही अंतरे मोजून त्यांनी गणित मांडले: भिंगाची एक बाजू गोलाकार व दुसरी दंडगोलाकार हवी. काही कारागिरांकडे खेटे फुकट गेल्यावर इप्सविचच्या फुलर नावाच्या कारागिराने ते घासून दिले. १८२५ मध्ये हे वृत्त केंब्रिजच्या फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे आले. दोषाचे इंग्रजी नाव सुचविले ते विल्यम ह्यूएल यांनी.

आणि तरीही, माझ्या मते या इतिहासातील खेदाची गोष्ट हीच, की पुढील चार दशके वैद्यांनी या दोषाकडे एक विरळ नवल म्हणून पाहिले. हेल्महोल्ट्झ यांच्या उपकरणाने स्वच्छमंडलाची वक्रता मोजता येऊ लागली, आणि उट्रेख्टचे डोंडर्स यांनी १८६४ मध्ये लंडनहून निघालेल्या ग्रंथात हा दोष किती सार्वत्रिक आहे ते दाखविले. त्यानंतर दंडगोल भिंगे सर्रास दिली जाऊ लागली. एअरी मात्र आपल्या डाव्या डोळ्याची मोजमापे म्हातारपणीही घेत राहिले व ती वेळोवेळी प्रसिद्ध करीत राहिले.